काजूच्या खोडावरील गांधीलमाशी : चोर कोण, राखणदार कोण?

एका अंगास गोवा व दुसऱ्या अंगास कर्नाटक अशा सीमेवर वसलेल्या दोडामार्ग तालुक्यात काजूचे झाड म्हणजे कित्येक कुटुंबांच्या वार्षिक हिशेबाचा आधारस्तंभ होय. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर आणलेले हे झाड तिळारीच्या खोऱ्यातील डोंगरउतारांवर असे रुळले की, मुलांचे शिक्षण, घराची डागडुजी आणि पावसाळ्याची बेगमी या साऱ्या गोष्टी फाल्गुन-चैत्रात वेचल्या जाणाऱ्या काजूबियांवर अवलंबून राहू लागल्या. अशा बागेतील पंधरा-वीस वर्षांचे भरात आलेले झाड वाळले, म्हणजे त्या वर्षाचे उत्पन्न जाते इतकेच नव्हे, तर त्याच्या जागी लावलेले कलम पूर्ण भरात येईपर्यंत पुढील कित्येक हंगामांचे उत्पन्नही त्याबरोबर जाते.

झाड वाळू लागले की शेतकरी साहजिकच खोडाकडे निरखून पाहतो. कित्येकदा त्याच्या दृष्टीस एक विलक्षण कीटक पडतो. सडपातळ काळे शरीर, सुतासारखी बारीक कंबर आणि शेपटीच्या जागी शरीराएवढीच, क्वचित त्याहूनही लांब, केसासारखी सुई. हा कीटक वाळक्या लाकडावर पाय रोवून उभा राहतो, पोट उंच उचलतो आणि ती सुई हळूहळू लाकडात खुपसतो. हे दृश्य पाहणाऱ्यास दुसरी साक्ष हवी कशाला? झाड पोखरणारा तो हाच, असे ठरते आणि औषधाचा पंप बाहेर निघतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार होय. ज्या कीटकास गुन्हेगार ठरविले, तो बहुतेक वेळा त्या लाकडातील खऱ्या चोराच्या मागावर आलेला असतो.

रोगाचे निदान झाल्यावाचून वैद्य औषध देत नाही. शेतीत मात्र औषध आधी व निदान मागाहून, किंवा निदान मुळीच नाही, अशी रीत पडू पाहत आहे. खत, बियाणे व औषध यांच्याइतकेच महत्त्व किडीच्या ओळखीस दिले गेले पाहिजे. लाकडावर दिसणाऱ्या गांधीलमाश्यांची गोष्ट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

खरी लाकूड पोखरणारी गांधीलमाशी

लाकूड पोखरणारी गांधीलमाशी जगात नाहीच, असे मात्र नव्हे. सायरेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गांधीलमाश्यांच्या अळ्या लाकडातच वाढतात. त्यांचे मुख्य घर म्हणजे थंड प्रदेशांतील पाइन, फर, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांची जंगले होत. आपल्या देशात हिमालयातील सूचिपर्णी वृक्षांत त्या आढळतात. यांपैकी सायरेक्स नॉक्टिलिओ ही जात युरोप, आशिया व उत्तर आफ्रिका येथील मूळ रहिवासी आहे. मायदेशी ती विशेष उपद्रवी मानली जात नाही. तथापि लाकडाच्या व्यापाराबरोबर ती न्यूझीलंडला पोहोचली, १९५२ मध्ये टास्मानियात आढळली, १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर व्हिक्टोरिया राज्यात दिसली, आणि परक्या भूमीत लावलेल्या पाइनच्या बागांना तिने जेरीस आणले.

तिची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. मादी खोडास भोक पाडून अंडे घालते. अंड्याबरोबर ती एक विषारी चिकट द्रव व एका बुरशीचे बीज लाकडात सोडते. त्या द्रवाने झाडाची शक्ती खचते, बुरशी लाकूड वाळवीत जाते, आणि अंड्यातून निघालेली अळी त्या बुरशीने मऊ झालेल्या लाकडावर पोसली जाते. म्हणजे झाड मारण्याचे काम कीटक व बुरशी मिळून करतात.

दोडामार्गच्या काजूबागेत वा रायवळ आंब्याच्या वठलेल्या खोडावर जी सुईवाली माशी दिसते, ती मात्र या कुळातील नव्हे. ही दोन कुळे वेगळी ओळखण्याची खूण सोपी आहे.

कंबर पाहावी

खऱ्या लाकूड पोखरणाऱ्या गांधीलमाशीस कंबर नसते. तिची छाती व पोट एकसंध, दंडगोलासारखे, असते. उलट ज्या गांधीलमाशीची कंबर बारीक आहे आणि शेपटीशी लांब सुई आहे, ती जवळजवळ नेहमीच दुसऱ्या कीटकांवर जगणारी, म्हणजे परोपजीवी, असते. तिची अळी लाकूड खात नाही. लाकूड खाणाऱ्या अळीस ती खाते.

या परोपजीवी गांधीलमाश्यांत स्टेफॅनिडी हे एक लक्षणीय कूळ आहे. जगात त्यांच्या सुमारे साडेतीनशे जाती ज्ञात असून त्यांतील बहुसंख्य उष्ण प्रदेशांत राहतात. भारतातही त्या आढळतात. मान लांबट, डोके चेंडूसारखे गोल आणि त्यावर मुकुटाप्रमाणे पाच बोथट दाते, मागील पायांच्या मांड्या फुगीर व खालच्या बाजूस दातेरी, आणि कित्येक जातींत सुईच्या टोकाजवळ पांढरा पट्टा, या त्यांच्या खुणा आहेत. त्या विरळ दिसतात आणि एखादी दिसली तरी एकटीच दिसते. म्हणून पुष्कळांच्या आयुष्यात हा कीटक एकदाही ओळखीचा होत नाही.

कंबरेच्या या नियमास एक अपवाद आहे, व तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ओरुसिडी नावाच्या अत्यंत दुर्मीळ कुळातील माश्यांना बारीक कंबर नसते, तरीही त्या लाकडातील अळ्यांवरच जगतात. यांची सुई बाहेर दिसत नाही. शरीराहून लांब असलेली ही सुई पोटात वेटोळे करून ठेवलेली असते. डोक्यावर लहान दाते, मिशा डोळ्यांच्या खाली, चेहऱ्याच्या अगदी खालच्या भागात उगवलेल्या, आणि उन्हाने तापलेल्या साल गेलेल्या लाकडावर मुंगीसारखे लगबगीने धावण्याची सवय, यांवरून ती ओळखता येते. कीटकशास्त्रज्ञांच्या मते बारीक कंबरेच्या साऱ्या गांधीलमाश्यांचे हे सर्वांत जवळचे नातलग होत. असा एखादा नमुना गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या हाती लागला, तर तो शास्त्राच्या दृष्टीने मोलाचा ठरेल. एका नियमावर विसंबून न राहता नमुना जपून ठेवावा, असे म्हणण्याचे कारणही हेच.

सुईचे कार्य

ही सुई दंश करण्यासाठी नसून अंडे घालण्याची नळी आहे. म्हणून ती केवळ मादीस असते. आत दडलेली अळी या माशीस सापडते कशी, हा प्रश्न कोणासही पडेल. ओरुसिडी कुळातील मादी मिशांच्या टोकांनी लाकडावर ठोके देते व त्यांची कंपने पुढील पायांतील विशेष इंद्रियाने टिपते. नारळ किंवा फणस पारखताना टिचकी मारून नाद ऐकावा, तसाच हा प्रकार आहे. पोकळ बोगदा व भरीव लाकूड यांचा नाद भिन्न येतो.

जागा निश्चित झाली की मादी नळी लाकडात घालते. नळीचे भाग एकमेकांवर पुढे-मागे सरकत करवतीप्रमाणे कापीत जातात. कित्येक जातींत नळीच्या टोकाशी जस्त वा मँगनीज ही धातुद्रव्ये साठून टोक अधिक कठीण झालेले असते, असे सूक्ष्म परीक्षणात दिसून आले आहे. नळी अळीपर्यंत पोहोचली की मादी बहुधा तिला दंशाने निश्चेष्ट करते व तिच्यावर वा तिच्याजवळ अंडे घालते. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी त्या मोठ्या अळीस बाहेरून खात वाढते, तेथेच कोषात जाते, आणि माशी होऊन लाकडास गोल छिद्र पाडून बाहेर पडते. हे बाहेर पडण्याचे छिद्र म्हणजेच गांधीलमाशीवरील खोट्या आरोपाचे दुसरे कारण होय. छिद्र तिचे असते, पण बोगदा तिचा नसतो.

काजूचा खरा चोर

काजूच्या खोडाचा खरा शत्रू म्हणजे ज्यास कोकणात रोठा म्हणतात, ती खोड व मूळ पोखरणारी अळी. हा एका तांबूस-तपकिरी, लांब मिशांच्या भुंगेऱ्याचा वंश आहे. भुंगेरा खोडाच्या जमिनीलगतच्या भागात, साधारण एक मीटर उंचीपर्यंत, सालीच्या भेगांत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर अंडी घालतो. अळी सालीखालचा गाभा खात वेडेवाकडे बोगदे करते व ते भुशाने भरून टाकते. झाडाचा अन्नरस वाहून नेणारा थर असा तुटत गेला म्हणजे पाने पिवळी पडतात, फांद्या वाळतात आणि शेवटी झाड मरते. पूर्ण वाढलेली अळी सात-आठ सेंटिमीटर लांब, मळकट पांढरी असते. ती लाकडाच्या गाभ्यात वा मुळाशी चुनखडीसारख्या कठीण कवचात कोषावस्था काढते.

लक्षणे स्पष्ट आहेत. बुंध्याशी लहान छिद्रे, त्यांतून बाहेर आलेला भुसा व विष्ठा, आणि डिंकाचा पाझर. ही लक्षणे झाड हिरवे असतानाच दिसतात. उलट सुईवाली गांधीलमाशी बहुधा लाकूड वाळल्यावर दिसते. म्हणजे जी खूण वेळेवर पाहावयाची, ती बुंध्याशी वाकून पाहावी लागते आणि म्हणून राहून जाते. जी उशिरा दिसते ती मात्र डोळ्यांसमोर उडते आणि म्हणून तिच्यावर दोष येतो.

छिद्रावरून ओळख

लाकडातील छिद्र हे एक प्रकारचे हस्ताक्षर आहे. अंडाकृती, करंगळीच्या जाडीच्या आसपासचे छिद्र हे बहुधा लांब मिशांच्या भुंगेऱ्याचे. एक बाजू सपाट व दुसरी गोल असे छिद्र चकचकीत रंगाच्या भुंगेऱ्यांचे. टाचणीच्या डोक्याएवढी पुष्कळ छिद्रे आणि खाली पिठासारखा भुसा, म्हणजे घुण. बोट जाईल असे अगदी वर्तुळाकार, कडा साफ असलेले छिद्र वाशावर वा वाळक्या फांदीवर दिसले, तर ते काळ्या मोठ्या भुंग्याचे घर होय. हा भुंगा लाकूड खात नाही, घरटे करण्यापुरते कोरतो, आणि मोठ्या फुलांच्या अनेक पिकांचे परागीभवन घडवितो. घराच्या वाशास त्याने अपाय केला, तर तेथे बंदोबस्त करावा. बागेतील वठलेल्या फांदीवरून त्यास हुसकण्याचे कारण नाही.

राखणदारावर सर्व सोपवावे काय?

येथे एक रास्त शंका निघेल. गांधीलमाशी जर मित्र असेल, तर तिने काजूची झाडे का राखली नाहीत? आणि झाड मेल्यावर ती आली, तर शेतकऱ्यास तिचा उपयोग काय?

या शंकेस सरळ उत्तर दिले पाहिजे. सुईवाल्या गांधीलमाश्या हा रोठ्यावरील उपाय नव्हे. जिवंत झाडाच्या बुंध्यातील, भुशाने भरलेल्या बोगद्यांतील अळी ती आपल्यासाठी वेचून काढील, असे समजून स्वस्थ बसणे म्हणजे बाग गमावणे होय. तिचे काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची एकंदर संख्या आटोक्यात ठेवण्याचे आहे. ते काम सावकाश व न दिसता चालते, आणि ते बंद पडल्यावरच जाणवते.

परोपजीवी कीटकांचे सामर्थ्य किती असू शकते, हे कॅलिफोर्नियातील निलगिरीच्या उदाहरणावरून दिसते. ऑस्ट्रेलियातून आलेला एक लांब मिशांचा भुंगेरा तेथे १९८४ मध्ये आढळला व निलगिरीची झाडे मारू लागला. त्याच्या पाठोपाठ ऑस्ट्रेलियातून अवघी दोन मिलिमीटरांच्या आतली एक गांधीलमाशी आणून १९९० नंतरच्या दशकात सोडण्यात आली. ती भुंगेऱ्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. थोड्याच वर्षांत बहुतेक ठिकाणी भुंगेऱ्याची अंडी उबण्यापूर्वीच नाश पावू लागली. रोठ्याच्या अंड्यांवरही अशीच सूक्ष्म गांधीलमाशी जगते, असे कर्नाटकातील पुत्तूर येथील काजू संशोधन संचालनालयाच्या कामातून दिसून आले आहे. डोळ्यांस जेमतेम दिसणारा हा कीटक सरसकट फवारणीत सर्वांआधी मरतो.

उलट बाजूचा धडा सायरेक्सच्या इतिहासातच आहे. ऑस्ट्रेलियात तिच्याविरुद्ध परोपजीवी गांधीलमाश्या व मादीस वांझ करणारा एक सूक्ष्म सूत्रकृमी यांचा उत्तम उपयोग झाला. पण दक्षिण ऑस्ट्रेलिया व व्हिक्टोरिया यांच्या सीमेवरील प्रदेशात पाइनच्या बागांची विरळणी मागे पडली होती, आणि पाहणीही पुरेशी होत नव्हती. परिणामी १९८७ ते १९८९ या काळात तेथे पन्नास लाखांहून अधिक वृक्ष मेले. राखणदार हाताशी असूनही मालक गाफील राहिला, तर काय होते, याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल.

काय जाळावे, काय राखावे

यावरून निघणारा मार्ग मधला आहे. रोठा लागलेल्या झाडाविषयी दयामाया नको. आरंभीच पटाशीने साल तासून बोगदा उघडावा, अळी तारेच्या आकड्याने काढून मारावी, आणि जखमेस कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे औषध लावावे. पूर्वी या कामी वापरले जाणारे बी.एच.सी. १९९७ पासून व कार्बारिल २०१८ पासून देशात बंद आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा शिल्लक असेल, तर तो या कामी काढू नये. ज्या झाडाच्या बुंध्याची अर्ध्याहून अधिक साल पोखरली गेली व पाने पिवळी पडली, ते झाड बहुधा वाचत नाही. ते मुळांसकट काढावे, त्यातील अळ्या व कोष वेचून नष्ट करावेत आणि ते ओंडके बागेच्या कडेस रचून ठेवू नयेत. कोष मुळाशीही असतात, म्हणून नुसते खोड कापून नेणे म्हणजे अर्धेच काम होय.

परंतु बागेच्या मेरेवरील वठलेला किंदळ, देवराईतील पडका वृक्ष किंवा डोंगरातील वाळका ओंडका यांवर औषध मारण्यात किंवा ते ‘साफ’ करण्यात हित नाही. त्या लाकडात राहणारे बहुतेक किडे काजूच्या वाटेस जात नाहीत. मात्र त्यांच्यावर जगणाऱ्या गांधीलमाश्यांचा वंश तेथेच टिकतो. दोडामार्गच्या डोंगरांत जुने जंगल अद्याप शिल्लक आहे व २०२० मध्ये तिळारी परिसरास संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. हे केवळ वाघ-हत्तींचे घर नव्हे. बागायतदाराच्या बिनपगारी राखणदारांचेही ते कोठार आहे. जंगल तोडून डोंगराच्या माथ्यापर्यंत एकच पीक लावणाऱ्याने आपले राखणदार आपणच दूर केले, असे म्हणावे लागेल.

औषधाचा उपयोगही याच विचाराने व्हावा. रोठ्याविरुद्धचा लेप बुंध्यास व उघड्या मुळांस, एक मीटर उंचीपर्यंत, लावावयाचा असतो. सगळ्या झाडावर, शेजारच्या वाळक्या खोडांवर आणि कुंपणावर तेच औषध उडविल्याने रोठा अधिक मरत नाही. शेतकऱ्याचा पैसा व मित्रकीटक तेवढे वाया जातात.

गावाने करावयाचे काम

काजूबी वेचणाऱ्या स्त्रिया व मुले हंगामात प्रत्येक झाडाखाली रोज वाकतात. रोठ्याच्या अंडी घालण्याचा जोरही याच महिन्यांत असतो. त्यांना भुसा व डिंक ही दोनच लक्षणे दाखवून ठेवली आणि तशा झाडास कापडाची चिंधी बांधावयास सांगितले, तर कोणत्याही यंत्राहून उत्तम पाहणी गावात विनाखर्च होईल. गावपातळीवरील कृषी कार्यकर्त्याने सभेत शंभर वाक्ये सांगण्याऐवजी एका बागेत एक बोगदा उघडून दाखवावा.

दुसरे काम नमुन्यांचे. अनोळखी कीटक सापडल्यास तो चिरडू नये. काचेच्या लहान कुपीत स्पिरिट घालून त्यात ठेवावा व कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने गाव, तारीख, झाडाचे नाव आणि जमिनीपासूनची उंची लिहून ती चिठ्ठी कुपीतच टाकावी. शाईचे अक्षर स्पिरिटात पुसले जाते. भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेताना शेजारी एक नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. असा नमुना वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राकडे किंवा किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्राकडे पोहोचवावा. वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या. त्या जातींची झाडे राखण्यासाठी लागणारी माहिती मात्र बागेतूनच केंद्राकडे गेली पाहिजे.

तिसरे काम थोड्या धीराचे आहे. रोठा लागलेल्या खोडाचा हातभर तुकडा बारीक जाळीच्या पेटीत किंवा घट्ट विणीच्या पिशवीत बंद करून सावलीत टांगावा आणि त्यातून कोण बाहेर येते, ते काही महिने पाहावे. भुंगेरा निघाला तर तो जागीच मारावा. गांधीलमाशी निघाली तर तिची नोंद करून तिला सोडून द्यावे. उडणाऱ्या माशीवरून तर्क करण्यापेक्षा लाकडातून प्रत्यक्ष बाहेर आलेल्या कीटकाची साक्ष अधिक खरी. गावोगाव अशा दहा-पाच पेट्या टांगल्या, तर कोणत्या बागेत कोणता मित्रकीटक काम करतो, हे गावास स्वतःच्या डोळ्यांनी कळेल.

कोकणात प्रत्येक गावास व प्रत्येक बागेस राखणदार असतो, अशी श्रद्धा आहे व त्यास वर्षाकाठी मान दिला जातो. लाकडावरील गांधीलमाशीस नारळ फोडण्याची गरज नाही. तिच्यावर हात उगारण्यापूर्वी तिची कंबर पाहावी, छिद्राचा आकार पाहावा आणि मग बुंध्याशी वाकून खरा चोर शोधावा, एवढे केले तरी तिचा मान राखला गेला व बागही राखली गेली, असे समजावे.